पाटावरचं पिस्तूल

माझ्या मुलाने पिस्तूल घेतलं ते बायकोसाठी. नंतर कोणी म्हणालं त्याचं डोकं फिरलं, कोणी म्हणालं अमेरिकेचे व्हिडिओ बघून बिघडला. तसं काही नव्हतं. सुनेला आमच्या घरात पुन्हा निवांत बसता यावं, एवढंच त्याला हवं होतं. ते झालं नाही. कसं झालं नाही ते लिहिते.

आम्ही मेलबर्नला ट्रुगानिनात राहतो. नवी वसाहत आहे. घरं सगळी एकासारखी एक, रस्त्यावरची झाडं अजून काठ्यांना बांधलेली. नवरा गेल्यावर मी पुण्याहून इकडे आले. माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी ऐकून ऐकून समजतं, बोलायला गेले की जीभ अडते. मुलगा कॉम्प्युटरच्या कामाला आहे, सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये, नात शाळेत.

हे सगळं सुरू झालं त्या दिवशी सकाळी मुलगा ट्रेनने ऑफिसला गेला होता. नात बाथरूममध्ये होती. सून डबे भरत होती, मी कणीक मळत होते. गॅरेजमधून घरात यायचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिथून तीन पोरं आत आली. तोंडाला फडकी बांधलेली, एकाच्या हातात कोयत्यापेक्षा लांब पातं. गाडीची किल्ली मागितली. सुनेने बोटाने दाखवली. मी कणकेचे हात वर धरून उभी राहिले. वर करायला कोणी सांगितलं नव्हतं. किल्ली घेऊन ती निघाली, जाता जाता एकाने ओट्यावरचं केळं उचललं. गाडी गेली. कोणाला खरचटलंही नाही. पोलीस आले, नीट बोलले, काही दिवसांनी गाडी जळलेली सापडली.

मी दुसऱ्या दिवशी परत कणीक मळली. माझं वय झालंय, माझ्याकडून कोण काय नेणार? सुनेचं तसं झालं नाही. काम सुटलं की ती नातीला शाळेतून घ्यायची आणि घरी यायचीच नाही. शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडी लॉक करून बसायची. मुलाची ट्रेन आली की तिघं मिळून घरी. तोवर मी इथे एकटी. मी विचारलं, माझं काय? तर म्हणाली, "आई, तुम्ही पण चला ना." एकदा गेले. पार्किंगमध्ये बसून थालीपीठ खाल्लं. परत गेले नाही, गुडघे आखडतात.

असे बरेच आठवडे गेले. एका रविवारी जेवताना तिने मुलाला सांगितलं, "मी अशी नाही राहू शकत ह्या घरात. तू काहीतरी कर. नाहीतर मी ग्लेन वेव्हर्लीला जागा बघते." तिकडे शाळा चांगल्या म्हणून तिला आधीपासूनच तिकडे जायचं होतं. ते मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला. एकटी जागा बघते म्हणाली, आपण बघू म्हणाली नाही. ते मलाही कळलं आणि त्यालाही.

साधं उत्तर होतं, घर विकून सगळ्यांनी जायचं. मी तसं म्हटलंही. पण त्याला वाटलं, त्या पोरांनी आपल्याला घरातून काढलं असं होईल. ती पोरं आली तेव्हा तो घरात नव्हता, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. आणि तो असता तर त्याने काय केलं असतं? त्यानेही किल्लीच दाखवली असती.

मग ते व्हिडिओ सुरू झाले. एक जाडा अमेरिकन हसत हसत शर्टाखालून पिस्तूल काढायचा, परत खोचायचा, वाकून दाखवायचा, गाडीत बसून दाखवायचा. मी शेजारी बसून लसूण सोलायचे, त्यामुळे मलाही सगळं कळायला लागलं. छोटं पिस्तूल लपतं चांगलं, पण हाताला दणका जास्त देतं आणि नेम चुकतो. मोठं धरायला बरं, पण शर्टाला फुगवटा येतो. फिरत्या चक्रीचं रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, पण त्यात गोळ्या कमी आणि घोडा जड. बायकोच्या हाताला झेपेल का तेही बघावं लागतं. मुलाने पुण्यात पहिली स्कूटर घेताना असाच घोळ घातला होता. महिनाभर ह्याला विचार, त्याला विचार, आणि शेवटी शेजाऱ्याने घेतली तीच घेतली.

एका शनिवारी तो बंदुकांच्या दुकानात निघाला. सून येईना, म्हणून मला घेऊन गेला. दुकानदार माझ्या वयाचा, लोकरी टोपी घातलेला. मुलाने काचेतलं एक पिस्तूल दाखवून विचारलं, हे शर्टाखाली बसेल का? त्या माणसाने काचेच्या कपाटाला कुलूप घातलं आणि मगच बोलला.

"मेट, शर्टाखाली कशाला?"

मुलाने खरं ते सांगितलं. घरात काय झालं, बायको कशी पार्किंगमध्ये बसते, सगळं. म्हातारा रागावला नाही. डॉक्टर पेशंटला सांगतो तसं त्याने सांगितलं. इथे स्वतःला वाचवायला म्हणून कोणाला बंदूक मिळत नाही, कायदा ते कारणच धरत नाही. खिशात घालून रस्त्यावर फिरलास तर तुरुंगात जाशील. व्हिडिओतली ती छोटी पिस्तुलं इथे साध्या माणसाला विकत नाहीत, नळी अमुक एक लांबीची लागते, मुद्दामच, लपवता येऊ नये म्हणून. इथे पिस्तूल क्लबमध्ये कागदावर नेम धरायला असतं. मुलाने विचारलं, मग बायकोच्या पर्समध्ये मिरचीचा फवारा तरी? तोही इथे चालत नाही म्हणाला. कुत्रा पाळ म्हणाला.

गाडीत बसल्यावर मुलाने पट्टा लावला. मग म्हणाला, "आई, तुला कळलं का तो काय म्हणाला?"

"कळलं. नाही म्हणाला."

"नाही असं नाही म्हणाला. क्लबमधून मिळतं म्हणाला."

हा त्याचा जुना स्वभाव. इथे स्टुडंट म्हणून आला तेव्हा कायम राहायचा परवाना सरळ मिळत नव्हता. मग ह्याने, ज्याला चहा करता येत नव्हता त्याने, स्वयंपाकाचा कोर्स केला, कारण त्या वर्षी सरकारला आचारी हवे होते. परवाना मिळाला आणि तो परत कॉम्प्युटरवर बसला. त्याच्या वेळची अर्धी पोरं अशीच इथली झाली. समोरचं दार बंद असलं की बाजूचं असणारच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आणि आत शिरल्यावर कोणी विचारत नाही कुठून आलास, असंही.

त्याने क्लबचा फॉर्म भरला. कारण काय, तर नेमबाजीची आवड. रविवारी जायला लागला. पहिले काही महिने तिथलीच पिस्तुलं वापरायची असतात. तिथली म्हातारी माणसं चांगली होती, ह्याने नेलेला चिवडा आवडीने खायची. पाहुण्यांनाही पिस्तूल चालवून बघता यायचं, अशा एका दिवशी मलाही नेलं. आवाज लागू नये म्हणून कानाला डबे लावले. वरचा पोलादी भाग मागे ओढायचा होता, माझ्या बोटांच्याने हलला नाही, शेजारच्या माणसाने ओढून दिला. मी चाप दाबला. खांद्यापर्यंत झटका बसला आणि दात दातांवर आपटले. कागदाला काही झालं नाही. मुलगा म्हणाला, मस्त ना? मी म्हटलं, घरी चल, भूक लागली.

शेवटी परवाना आला आणि त्याने पिस्तूल घेतलं. कुठलं? क्लबमध्ये शेजारी उभा राहणाऱ्या माणसाकडे होतं तेच. लांब, काळं, किलोभर बटाट्यांएवढं जड. शर्टाखाली काय, स्वेटरखालीही लपलं नसतं.

कायद्याने ते लोखंडी तिजोरीत ठेवावं लागतं, आणि तिजोरी भिंतीला बोल्टने पक्की. गोळ्या वेगळ्या पेटीत, तिला वेगळं कुलूप. हे सगळं त्याने बेडरूमच्या कपाटात व्यवस्थित बसवलं, आणि त्या संध्याकाळी सुनेला म्हणाला, आता तू घरी यायला हरकत नाही. ती हसली नाही, चिडली नाही. म्हणाली, "बरं. मी बाहेर जाते. दारातून आत आले की मी चोर. तू काढ."

तो बेडरूममध्ये उभा राहिला. ती गॅरेजच्या दाराने आत आली, चपला न काढता. ओट्यावरच्या वाडग्यातून किल्ली घेतली. माझ्यासमोरून गेली, जाता जाता तिने केळं उचललं. मला हसू आलं. ती गाडीत बसली, गाडी सुरू केली, कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणली. तो गोळ्यांच्या पेटीचं कुलूप उघडत होता.

"किल्ल्यांचा गोंधळ झाला," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि केळं सोलून नातीला दिलं.

दुसऱ्या दिवशीपासून परत पार्किंग.

पिस्तूल तेव्हाच परत करायला हवं होतं. पण ते आता त्याचं झालं होतं. रविवारी काढायचा, तेल लावायचा, परत ठेवायचा.

मग दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. माझ्या माहेरी विळे, कुऱ्हाडी, पहार मांडायचे. इथे पाटावर विळी, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, मुलाचा लॅपटॉप, सुनेच्या लॅबचा कोट, नातीची चित्रांची पेटी, नव्या गाडीची किल्ली. ह्या वर्षी त्याने मधोमध पिस्तूल आणून ठेवलं. मी म्हटलं, हे कशाला? तो म्हणाला, "आई, आजवर आपण नुसती विळीच पुजली. खरं शस्त्र घरात पहिल्यांदाच आलंय." गोळ्या नव्हत्या त्यात, हे तो दहा वेळा म्हणाला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल नळीवर ठेवलं. सून उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती पूजेला बसली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. आपटा इथे मिळत नाही, कसल्यातरी झुडपाची पानं एकमेकांना देतो. मुलगा दारात स्वागताला, सून चहाला, आणि पाटाभोवती चार पोरं बसलेली. बायका फोटो काढत होत्या. भारी रे, एकदम मराठा, असं कोणीतरी ओरडलं. ओरडणाऱ्याला घरी डास मारता येत नाही. त्यांच्यातल्याच कोणीतरी एक फोटो वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. झेंडू, पिस्तूल, आणि मागे कोणाचातरी छोटा मुलगा, त्याचा हात पाटाच्या कडेवर. तिथून तो कुठे गेला माहीत नाही.

त्याच आठवड्यात पोलीस आले, एक माणूस आणि एक बाई. शनिवारी भरदुपारी, सगळे घरी असताना. चपला काढू का म्हणून त्यांनी विचारलं. तिजोरी बघितली, ती बरोबर होती. फोटो दाखवला, तो बरोबर नव्हता. मुलाने पूजा समजावून सांगितली, दसरा, हत्यारं, श्रद्धा. माणूस ऐकून घेत होता. त्याने विचारलं, घरात सगळ्यांना माहीत होतं का हे कशासाठी घेतलं? मुलगा म्हणाला, नेमबाजीसाठी. नातीने बापाकडे बघितलं. नशीब, ती बोलली नाही.

पोलीस बाई सुनेला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी तिथेच भांडी पुसत होते. मला इंग्रजी येत नसेल असं धरून तिने मला तसंच राहू दिलं. तिने विचारलं, हे घरात असताना तुला सुरक्षित वाटतं का? हा प्रश्न त्या सगळ्याच बायकांना विचारत असतील.

ओटा पुसलेलाच होता, तो सुनेने परत पुसला. मग म्हणाली, "नो. नवरा दसऱ्याला त्या पिस्तुलाची पूजा करत होता तेव्हा मला त्याचीच भीती वाटली."

दार उघडं होतं. मुलगा हॉलमध्ये उभा होता. त्याला ऐकू गेलं.

पोलीस पिस्तूल घेऊन गेले. नळीच्या खाचेत थोडं कुंकू राहिलं होतं, त्या बाईने पिशवीत घालताना बोटाला लागलेलं पॅन्टला पुसलं. परवाना गेला. क्लबनेही येऊ नको म्हणून कळवलं. तो चिडला नाही, भांडला नाही. मला वाटलं होतं भांडेल. त्याने सुनेला एकच विचारलं, माझी भीती? आणि ती म्हणाली, "तू मला विचारलंस का कधी मला काय हवंय? तू पिस्तूल कुठलं घेऊ ते विचारत बसलास." ती खोटं बोलत नव्हती. पण त्यानेही ते तिच्यासाठीच केलं होतं, हेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं असलं की मिटवायला काही उरत नाही.

शाळेची टर्म संपल्यावर ती नातीला घेऊन ग्लेन वेव्हर्लीला गेली. दोन खोल्या आहेत, वरच्या मजल्यावर. आम्ही घर विकायला काढलंय, कोणी घेत नाही. बघायला येतात, वसाहत कशी आहे विचारतात, रिकामी तिजोरी बघतात आणि जातात. तिजोरी काढली तर भिंत फुटते म्हणून ती तशीच आहे. मुलगा संध्याकाळी येतो, जेवतो, टीव्हीसमोर बसतो. व्हिडिओ बघत नाही आता. काहीच बघत नाही, टीव्ही नुसता चालू असतो.

शनिवारी सून नातीला सोडायला येते. गाडी फुटपाथला लावते, इंजिन चालू ठेवते, हॉर्न वाजवते. नात उतरते आणि दार बंद होताच आतून लॉक लागल्याचा आवाज येतो. मी डबा घेऊन बाहेर जाते, तिला माझी मटकीची उसळ आवडते. आत ये म्हणायचं मी आता सोडलंय. तिच्या डोळ्यांकडे बघितलं की कळतं, ती माझ्या खांद्यावरून मागच्या गॅरेजकडे बघत असते.

मागच्या शनिवारी तिने काच डबा आत येईल एवढीच खाली केली. डबा आडवा करून घ्यावा लागला, थोडा रस्सा दारावर सांडला. तिने सॉरी म्हटलं. मी पदराने पुसलं. मग काच वर गेली.