उसाच्या ट्रॉलीवर मेव्हण्याचा अल्बम

माझ्या मेव्हण्यानं आयुष्यात एकच अल्बम काढला आणि तो मी जिल्हाभर चिकटवला. चिकटवला म्हणजे अक्षरशः, पाठीमागं सोल्यूशन लावून. ही गोष्ट मी अगदी परवा-परवापर्यंत कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही, आणि ती तर त्याची सख्खी बहीण.

मेव्हणा गुळाच्या अडतीतला. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळं होणारं. अशा घरात इलेक्ट्रिक गिटार कुठून शिरली ते देवालाच ठाऊक. पण शिरली, आणि वीसेक वर्षांपूर्वी त्यानं गुदामाच्या माडीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भिंतीसारखे रचून त्यांच्या मधोमध बसून नऊ तुकडे रेकॉर्ड केले. गुळानं आवाज घुमत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ड्रम वाजवायला बेंजो पार्टीतला एक जण आणला होता. त्याला मिरवणुकीची सवय, त्यामुळं तो वाजवता वाजवता पुढं सरकायचा आणि दर तुकड्याला त्याला ओढून मागं आणावं लागायचं. सातवा तुकडा मध्येच तुटतो. कारण खालून सासूबाईंनी ताट वाढल्याची हाक मारली होती आणि ऊन उतरलं होतं.

त्या अल्बमात शब्द नव्हते. गाणारा नव्हता. तुकड्यांना नावंही नव्हती, नुसते आकडे. मुखपृष्ठावर पन्हाळ्याच्या तटावर उभा राहून काढलेला त्याचा फोटो होता, पण त्या दिवशी धुकं इतकं होतं की फोटोत ना तो दिसत होता, ना पन्हाळा.

पहिल्यांदा घरात लावला तेव्हा मी तिथंच होतो. सासरे गुडघ्यावर हात ठेवून शांतपणे पहिला तुकडा ऐकत बसले. दुसरा ऐकला. तिसरा चालू झाल्यावर म्हणाले, "गाणारा आला न्हाय काय?"

"बाबा, यात गाणारा न्हाय. नुसती गिटार हाय."

"मग आल्यावर लाव की परत. आत्ताच कशाला घाई केलीस?"

कव्हरवरचे आकडे बघून चुलत सासरे म्हणाले, "हे मटक्याचं काय काढलंयस?" शेजारी ऑर्केस्ट्रात गाणारे एक गृहस्थ होते. ते सीडी घरी घेऊन गेले आणि आठवड्यानं परत आणून दिली. म्हणाले, "ट्रॅक बरा हाय रे, पण माझं एकबी गाणं त्यात बसंना." साऱ्या आळीची समजूत अशी झाली की पोरानं स्वयंपाक अर्धा करून पानं वाढलीत.

मग त्यानं मला विचारलं. "दाजी, तुम्हाला कसा वाटला?"

मी मुळातच कमी बोलणारा. त्या दिवशी माझं लक्ष सासरेबुवांच्या चेहऱ्याकडं होतं, कानात काही शिरलंच नव्हतं. मी म्हणालो, "भारी."

"कुठला?"

"चौथा."

चौथाच का, तर पहिला म्हटलं असतं तर पुढचे ऐकले नाहीत हे कळलं असतं, आणि शेवटचा म्हटलं असतं तर उगाच वाटलं असतं. मेव्हणा माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. "चौथा कुणालाच कळला नव्हता, दाजी," तो म्हणाला. "तुम्हाला कळला."

झालं. तिथून मी चौथ्याचा जाणकार.

माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेट, दारावरचे देव, मागच्या काचेवरची नावं. मेव्हण्यानं सीड्यांचे खोके विकायला माझ्याकडं आणून ठेवले. ते टेबलाखाली बसले, आणि मी त्यांच्यावर पाय ठेवून बसायला लागलो. पुढं उसाचा हंगाम आला. त्या वर्षी ट्रॉलीच्या मागं चमकतं काहीतरी असलंच पाहिजे असा कडक नियम निघाला, आणि माझ्याकडचे रिफ्लेक्टर संपले. एक ट्रॅक्टरवाला दारात भरलेली ट्रॉली उभी करून ओरडायला लागला, "पावणं, कायबी लावा, पर लावा! मागं सगळी लाईन खोळंबलीया." त्याची नजर उघड्या खोक्यावर गेली. "ही चकती लावा की."

मी लावली. चमकती बाजू बाहेर, मेव्हण्याचं नाव आत. दिवा पडला की सात रंग निघायचे. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावचे आणखी आले. "ती रंगाची चकती पायजे," म्हणाले. हंगाम संपायच्या आत खोके रिकामे.

"सगळ्या संपल्या?" मेव्हण्याला खरं वाटेना. "घेतंय कोण?"

"गडहिंग्लज, चंदगडकडची माणसं. ट्रॅक्टरवालीच जास्त."

"ट्रॅक्टरवाल्यांना गिटार आवडतीया?"

"डेक असतोय की त्यांच्याकडं," मी म्हणालो. यातलं एकेक वाक्य खोटं ठरू नये म्हणून मी फार जपून बोललो होतो, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

त्या दिवसापासून मेव्हण्याच्या मनात जिल्ह्याच्या दक्षिणेला त्याचा एक मुलूख तयार झाला. बाजारात कुणी टोमणा मारला, "काय, गाणारा गावला का?" की तो नुसता हसायचा. चंदगडात चार महिने पाऊस, माणसं घरात बसून ऐकत असणार, असं तो सांगायचा. गिटार त्यानं सोडली नाही ती त्या माणसांच्या जिवावर. एकदा आम्ही दोघं मोटारसायकलवरून येत होतो. पुढं ट्रॉली, तिच्या पाठीवर त्याचीच सीडी, ऊन पडून लखलखणारी. तो मागून माझ्या कानाशी म्हणाला, "कुणाची सीडी असंल ओ बिचाऱ्याची." मी गाडी पुढं काढली.

मी स्वतः तो अल्बम ऐकला नाही. माझी प्रत त्यानं वरच्या प्लास्टिकवरच सही करून दिलेली, 'चौथा कळलेल्या दाजींना' असं लिहून. ती प्लास्टिक न फाडता शोकेसमध्ये उभी होती.

गेल्या वर्षी मी जुनी मोटार घेतली. तिच्यात सीडीचा प्लेअर होता. चालतो का बघावं म्हणून घरातली एकुलती सीडी प्लास्टिक फाडून घातली, ती हीच. चालला. पण सीडी बाहेर येईना. मेकॅनिकनं पट्टी घालून बघितली, थापट्या मारून बघितल्या, शेवटी म्हणाला, "आख्खा डॅशबोर्ड खोलाय लागतोय. ऱ्हाऊ द्या की, वाजतंय न्हवं?" रेडिओ लागत नव्हता. गाडी सुरू केली की पहिला तुकडा सुरू.

पहिले काही दिवस मी चिडून ऐकत होतो. मग नुसताच ऐकत होतो. मग एका दुपारी दुकानापुढं गाडी लावली आणि उतरलो नाही, कारण पाचवा संपायचा होता.

काय आहे त्यात, हे सांगणं मला जमत नाही, पण प्रयत्न करतो. दुसऱ्यात गिटार दोन वेळा एकच गोष्ट विचारते आणि तिसऱ्यांदा विचारायला जाऊन गप्प बसते. मला आमच्या घरातली जेवणं आठवली. सहाव्यात ड्रमवाला लांब जातो आणि परत येतो. तो खरोखरच सरकत होता, पण ऐकताना वाटतं की कुणीतरी रुसून निघालं आणि कोपऱ्यावरून माघारी वळलं. सातवा तुटतो तिथं आता माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि चौथा. चौथ्यात एक सूर तो ताणत ताणत वर नेतो. आता पोचला असं वाटतं, आणि तिथं तो पोचत नाही. केसभर खाली थांबतो. ती चूक नाही. तिथवरच जायचं त्यानं ठरवलंय, हे दहाव्यांदा ऐकताना कळतं. तो तुकडा खरंच सगळ्यांत चांगला आहे. खोटं बोलताना मी बरोबर उत्तर दिलं होतं, आणि याची मला भयंकर लाज वाटली.

आता हे त्याला सांगायचं कसं? वीस वर्षं 'भारी' म्हणतोय. आज पुन्हा 'भारी' म्हटलं तर त्यात नवं काय?

मी शब्द शोधत होतो तेवढ्यात मेव्हणा दुकानात आला. "दाजी, ठरलं. गडहिंग्लजला हॉल घ्यायचा. लोकांनी एवढं ऐकलंय, एकदा समोर जाऊन वाजवाय नको? चंदगडची माणसं एस्टीनं येतील की. हॉल बघाय उद्या तुमच्याच गाडीतनं जाऊ. तुमचीच माणसं ती."

माझीच माणसं! मला रात्रभर रिकाम्या खुर्च्या दिसत राहिल्या आणि त्यांच्यासमोर वाट बघत उभा असलेला तो.

सकाळी तो गिटार घेऊन गाडीत बसला. मी चावी फिरवली आणि पहिला तुकडा लागला. त्याचा चेहरा उजळला. "माझ्यासाठी लावलासा व्हय?"

"नाही. ती अडकलीया. निघत नाही."

"म्हंजे नाइलाजानं ऐकताय," तो हसत म्हणाला.

कागल मागं पडल्यावर आमच्या पुढं उसाची ट्रॉली आली. तिच्यामागं अडकून हळूहळू चाललो होतो, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. खोके, हंगाम, सोल्यूशन, चंदगडची माणसं. त्या दिवशी काहीच ऐकलं नव्हतं तेही.

त्यानं हात लांब करून प्लेअरचा आवाज बारीक केला. मग म्हणाला, "एकबी माणूस न्हाय?"

"मला माहीत असलेला तरी नाही."

"आणि चौथा?"

"तेव्हा अंदाजानं बोललो होतो. पण आता खरंच ऐकलाय रे. खरंच तोच..."

"बास करा, दाजी." त्यानं हात वर केला. "आता तुम्ही काय बी म्हणशिला. तुमच्यावर इस्वास कोण ठेवंल?"

परत फिरू का, असं विचारलं तर म्हणाला, "हॉलवाला थांबलाय. माणसाला थांबवून ठिवू नये."

हॉलवाल्यानं कुलूप काढलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या, कुठल्यातरी लग्नाची सुकलेली तोरणं. "कार्यक्रम कसला?" त्यानं विचारलं. मेव्हण्यानं स्टेजवर चढून हॉलच्या स्पीकरला गिटार जोडली. मला हातानंच एक खुर्ची दाखवली. मी बसलो. हॉलवाला पंखे लावायला गेला.

त्यानं चौथा सुरू केला. गाडीत पत्र्याच्या डब्यातून यावा तसा ऐकलेला तुकडा पहिल्यांदाच एवढा मोठा होऊन अंगावर आला. तो सूर ताणायला लागला. वर, आणखी वर. आणि पोचला. पुरता पोचला, गोड, गोल, टाळ्या पडाव्यात असा. तो थांबून माझ्याकडं बघायला लागला.

"चुकलं," मी म्हणालो.

"काय चुकलं?"

"पोचायचं नसतंय तिथं. थोडं खाली थांबतोस तू."

"मी न्हाय थांबत."

"थांबतोस. आणि मग एक श्वास जाऊ देतोस. आज तो बी खाल्लास."

"मी वाजवलंय का तुम्ही?"

"तू वाजवलंयस, पण ऐकलंय मी!"

माझा आवाज हॉलभर झाला. एवढ्या मोठ्यानं मी लग्नातही बोललो नव्हतो. हॉलवाला पंख्याच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा. मेव्हण्याचा चेहरा लाल झाला होता. "तवा मला पोचता येत न्हवतं," तो म्हणाला. "बोटात जोर न्हवता. वीस वर्षं रियाज करून आता पोचतोय. आणि हे म्हणत्यात, चुकलं!"

"मग जोर चुकला."

त्यानं गिटार पुन्हा सावरली. मग तारेवर बोट ठेवून पुटपुटला, "केसभर काय... केसभर किती म्हणायचं हे?" त्यानं पुन्हा ताणलं. मी मान हलवली. पुन्हा. जास्तच खाली. पुन्हा. हॉलवाला म्हणाला, "तारीख कोणती लिहू?" आम्ही दोघांनीही त्याला गप्प बसवलं.

हॉल घेतला नाही. पण आता दर रविवारी दुपारी गुदामाच्या माडीवर तो वाजवतो आणि मी ऐकतो. जिथं नाही पटत तिथं सांगतो. गेल्या रविवारी सहाव्यावरून जुंपली. तो म्हणाला, तुम्हाला ताल कळत नाही. मी म्हणालो, तुला तुझाच अल्बम कळत नाही. आवाज ऐकून, माहेरी म्हणून आलेली बायको वर आली. दोघांची तोंडं बघून म्हणाली, "एवढी वर्षं खोटं बोलत होता तेच बरं होतं की. घरात शांतता तरी होती."

मेव्हणा खाली मान घालून तारा जुळवत होता. "तू खाली जा, ताई," तो म्हणाला. "दाजी, तुम्ही बसा. सहावा परत घेतो."