अंगणातली दुप्पट खुर्ची

पुण्याहून निघताना माझ्या सामानात दोन जोड कपडे, एक कॅमेरा, लॅपटॉप आणि ध्वनिमुद्रणाचं थोडं साहित्य होतं. जबलपूरला मी पहिल्यांदाच चालले होते, आणि जिच्या घरी जायचं ती घरी नसणार होती.

प्रज्ञा गजभिये आणि मी पुण्यात एकाच स्टुडिओत शेजारशेजारच्या टेबलांवर संकलन करायचो. दिवसभर लग्नाच्या, शाळांच्या, सरकारी योजनांच्या फिल्म कापायच्या आणि संध्याकाळी तिने आपल्या सिनेमाविषयी बोलायचं. तो सिनेमा ती जबलपूरला, आईवडिलांच्या घरी, सुट्टी मिळेल तेव्हा करत होती. त्याला नाव नव्हतं. गोष्ट विचारली तर सांगायची, "एक बाई आपल्या गावी परत येते आणि गावात सगळ्यांची मापं बदललेली असतात." नदी चढावर वाहते, कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून माणसांऐवजी मासे बाहेर पडतात, बाप पाठीवर घराचं दार बांधून कामावर जातो. आणि बाई गावात जितकी फिरेल तितकी लहान होत जाते. बाईचं काम प्रज्ञा स्वतःच करायची. संगणकावर काही घडवायचं नाही, शेवटी तुकडे जोडण्यापुरताच तो वापरायचा, असा तिचा हट्ट होता. आरसे, काच, धूर, पुठ्ठा आणि कॅमेरा. स्वप्नात वस्तू खऱ्याच असतात, ती म्हणायची, फक्त चुकीच्या जागी असतात.

मागच्या हिवाळ्यात तिने शेवटच्या दृश्याचा आपला अर्धा भाग चित्रित केला. उन्हाळ्यात आजार कळला. पावसाळा सरता सरता ती गेली.

थंडी पडल्यावर तिच्या वडिलांचा फोन आला. "एक शॉट राह्यला आहे बेटा. कॅमेरा ठेवायच्या खुणा अजून फरशीवर आहेत. तू येशील का?"

नरसिंहपूर गेल्यावर खिडकीबाहेर तुरीची शेतं पिवळी होत चालली होती. समोरच्या बाकावरच्या आजींनी कॅमेऱ्याची पेटी पाहून विचारलं, "शादी का शूटिंग है क्या?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

स्टेशनवर गजभिये काका मफलर गुंडाळून उभे होते. संरक्षण खात्याच्या कारखान्यात आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, उंच, किंचित वाकलेला. "जय भीम, बेटा," म्हणून त्यांनी पेटी हातातून घेतली. ऑटोत बसल्यावर रस्ता दाखवत राहिले. हे राइट टाउन, इथे प्रज्ञाची शाळा. ओमतीला ऑटो थांबवून त्यांनी खोव्याची जलेबी घेतली. इथली जलेबी काळपट, जाड आणि मऊ असते, आपल्याकडच्या कुरकुरीत जिलबीशी तिचं नातं नावापुरतंच. "तिला आवडे," काका म्हणाले आणि लगेच, "तुलाही आवडंल," असं जोडलं.

घर पनागरच्या रस्त्याला, निवृत्तांच्या वसाहतीत. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्याच्या दारातून उतरलं की अंगण. त्या अंगणात निळी ताडपत्री पांघरलेलं काहीतरी उभं होतं, माझ्या डोक्याहून उंच. काकांनी दोरी सोडली. आत लाकडी खुर्ची होती. साधी, चार पायांची, वेताच्या बैठकीची, स्वयंपाकघरात असते तशीच. फक्त दुप्पट. बैठक माझ्या कमरेशी येत होती.

ही युक्ती प्रज्ञाने मला पुण्यात चहाच्या पेल्यांनी समजावली होती. खुर्ची दुप्पट मोठी करायची आणि कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब ठेवायची. पडद्यावर ती नेहमीच्या खुर्चीएवढी दिसते, आणि तीत बसलेली मोठी बाई लहान पोरीएवढी. कॅमेरा स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, जवळ आई, लांब अंगणात खुर्ची. मागच्या भिंतीला काकांनी स्वयंपाकघराचाच पोपटी रंग दिला होता, म्हणजे सगळी मिळून एकच खोली वाटावी. सिनेमाच्या शेवटी त्या लहान झालेल्या बाईला आई घास भरवते. एवढंच दृश्य.

"पण हिनं, प्रज्ञाच्या आईनं, ऐकलंच नाही," काका हळूच म्हणाले. "प्रज्ञा म्हणे, आई, तू बस. ही म्हणे, माझं थोबाड कोण पाहील, नंतर पाहू. मग पोरीनं आपला अर्धा भाग काढून घेतला. आईची बाजू रिकामी ठेवली. म्हणाली, आई तयार होईल तवा तिचा भाग काढू, दोन्ही जोडून देईन."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. लहानशा, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. "काहून उघडली? दव पडते त्याच्यावर," एवढं म्हणाल्या आणि मला, "हात-पाय धुवून घे बाई. जेवून घे."

जेवताना काका काकूंकडे बोट करून सांगत होते, पावसाळाभर ताडपत्री हिनंच बांधली. दवाखान्यात पोरीपाशी बसून घरी आली की आधी दोरी ओढून पाहायची. काकू ऐकत होत्या आणि माझ्या ताटात भाजी वाढत होत्या. शॉटचा विषय निघाला नाही. फरशीवर तिकाटण्याच्या तीन पायांसाठी लावलेल्या चिकटपट्ट्या मात्र मी पाहिल्या. आजूबाजूची फरशी लख्ख होती आणि पट्ट्यांच्या कडांना धूळ बसलेली. पुसताना फडकं तेवढं टाळून जात असणार.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं. प्रज्ञाचा भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात काढलेला, त्यामुळे ऊन पडेपर्यंत थांबणं भाग होतं. काका म्हणाले, "चल, भेडाघाट पाहून येऊ. तिनं तिथं खूप काम केलं."

धुआंधारला नर्मदा खाली पडते तिथे पाण्याचा धूर उठतो, नाव त्यावरूनच. कठड्याशी उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, चेहरा ओला होतो. काकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की हेच पाणी प्रज्ञाने सिनेमात वर चढवलं. काही नाही, चित्र उलटं चालवायचं. पण त्या पाण्यासमोरून काकांना सरळ चालताना दाखवायचं, म्हणून प्रत्यक्षात त्यांना पाठीमागे चालायला लावलं, पाठीवर दार बांधून. "लोक हसून राह्यले होते. मले वाटलं पडतोच आता. आणि ही म्हणे, बाबा, चेहऱ्यावर भीती नको, तुम्ही ड्युटीवर चालले." सांगताना काका दोन पावलं मागे चालून दाखवू लागले आणि मधेच थांबले.

खाली संगमरवरी कड्यांमधून नाव जाते. दोन्ही बाजूंना पांढरे, पिवळट, मधूनच काळे पडलेले खडक, पाणी गडद हिरवं आणि इतकं शांत की वरचा धबधबा कुणी तरी बंद केला असावा असं वाटावं. नावाडी यमकं जुळवत खडकांची नावं सांगतात, प्रवासी हसतात. आमचा नावाडी काकांना पाहताच यमक विसरला.

"अरे बाबूजी! शूटिंग वाली दीदी नहीं आईं? उन्होंने तो मुझसे पूरा दिन उलटी नाव चलवाई थी."

काकांनी पाण्यात हात घातला होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "नहीं भैया. इस बार नहीं आईं."

"अगली बार लाइएगा. पैसे नहीं लूँगा."

काका हसून मान हलवत राहिले. नंतर किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही दोघंही खडकांकडेच पाहत होतो. परतताना ऑटोत ते म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं का त्याले?" मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "जाऊ दे," तेच म्हणाले. "एका माणसाच्या हिशोबी तरी ती येऊन राह्यली."

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन. मी आवाज न करता तिकाटणं खुणांवर ठेवत होते. काकू आंघोळ करून आल्या, हिरवी सुती साडी, केस नीट बांधलेले. कुणी काही म्हटलं नव्हतं.

"त्या दिवशी तिच्या ताटात काय होतं?" त्यांनी विचारलं.

"ताट नव्हतंच काकू. ते तुमच्या बाजूला असणार होतं."

"मग मीच ठरवते." त्यांनी वरणभात कालवला, वर तूप सोडलं, लिंबू पिळलं आणि मी दाखवलेल्या जागी पाटावर बसल्या. काका अंगणात ऊन वळवायला पांढरा थर्माकोल धरून उभे राहिले. मी सवयीने काकूंच्या जवळ माइक ठेवला आणि हेडफोन कानाला लावले.

काकूंनी घास उचलला आणि समोरच्या हवेत धरला.

लॅपटॉपवर मी दोन्ही भाग कच्चे जोडून पाहिले. हात प्रज्ञाच्या हनुवटीखाली गेला होता. पडद्यावरचं ते लहानगं माणूस तोंड उघडत होतं आणि घास भलतीकडेच. काकू माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. प्रज्ञा गेल्यापासून त्यांनी तिचा एक फोटोही पाहिला नव्हता, हे मला काकांनी सांगितलं होतं. मी पटकन लॅपटॉप मिटू लागले.

"मिटू नको," काकू म्हणाल्या. "चुकलं. उंच पाहिजे. फक्त तिचंच दाखव मले."

मी प्रज्ञाचा भाग लावला. मोठ्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून ती बसलेली, लाल फ्रॉक, दोन वेण्या. डावीकडे आईच्या रिकाम्या जागेकडे पाहते. वाट पाहते. तोंड उघडते. मिटते. चावते आणि खूश होऊन पाय हलवते. तेव्हा ती आजारी होती, कुणाला माहीत नव्हतं. काकू फरशीवर मांडी घालून बसल्या आणि पुन्हा पुन्हा तेच पाहू लागल्या. काही वेळाने त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जाऊ लागला. "आता पाहते... आता उघडते... आता," असं पुटपुटत त्या पडद्यासमोर रिकामा घास धरत होत्या. काका थर्माकोल धरून तसेच उन्हात उभे होते. मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने पुढच्या खोलीत गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले.

नंतर काकू पाटावर येऊन बसल्या. "लाव," म्हणाल्या.

या वेळी त्या बोलत होत्या. आधी नुसतं "आ कर, आ कर बाई," आणि मग त्याच सुरात पुढे, हळू, थांबत थांबत, घास हवेत धरून. हेडफोनमधून मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. काकांपर्यंत काही पोचत नव्हतं. काकू रडल्या नाहीत. शेवटी त्यांनी हवेत, बरोबर त्या जागी, बोटांनी ओठ पुसल्यासारखं केलं. ते दृश्यात कुठेच ठरलेलं नव्हतं.

जोडून पाहिलं. हात बरोबर तोंडाशी गेला. लहान प्रज्ञाने आईच्या हातून घास घेतला, चावला आणि पाय हलवले. काका आत येऊन पाहत होते. त्यांनी थर्माकोल भिंतीला टेकवला, तो दोनदा घसरला, दोनदा त्यांनी तो नीट लावला.

ते बाहेर गेल्यावर काकूंनी विचारलं, "मी बोलली ते यात आलं का?"

"आलं, काकू."

"तुले ऐकू गेलं?"

"हो."

त्या ताट उचलून उभ्या राहिल्या. त्यातला वरणभात तसाच होता. "ते काढून टाक," म्हणाल्या. "चित्र राहू दे. ते तिचं काम हाय. बोललेलं माझं हाय."

त्यांच्या समोर मी आवाजाची फाइल पुसली. त्यांनी नीट पाहून घेतलं, मग गार झालेला तो भात स्वतः खाल्ला.

स्टेशनवर सोडायला काका आले. डब्यात पेटी ठेवून खिडकीशी उभे राहिले. "काय म्हणत होती ती?"

"काकूंनाच विचारा, काका."

"विचारलं. म्हणे, वरणात मीठ कमी होतं." ते हसले, मग मफलरने डोळे पुसले. गाडी हलली तरी फलाटावरून थोडं चालत आले.

पुण्यात परतल्यावर मी सिनेमा जोडून पुरा केला आणि ओळखीच्या पंधरा-वीस लोकांना एका हॉलमध्ये दाखवला. नदी वर चढली तेव्हा लोक हलले, मासे आले तेव्हा हसले. शेवटच्या दृश्यात आवाज नाही. आईचे ओठ हलतात, पोर घास घेते, काळोख होतो. नंतर बहुतेकांनी खुर्चीचं विचारलं, ती युक्ती मी सांगितली. मागच्या रांगेतल्या एक बाई मात्र थांबून राहिल्या. "ती आई तिथे काय बोलते?" त्यांनी विचारलं.

"भरवताना आया बोलतात तेच," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं, त्या गेल्या. मी खुर्च्या आवरू लागले. प्रवासाहून आपण काही ना काही घेऊन येतो आणि ते चारचौघांना दाखवतो. जबलपूरहून मी जे घेऊन आले आहे ते आता जगात फक्त दोन बायकांपाशी आहे. त्यातली एक म्हातारी होत चालली आहे, आणि मला ते शब्दन् शब्द पाठ आहे.