आत्याचं धुणं

मशीन चालू असेपर्यंत आत्या तिच्याजवळून उठायची नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या तिच्या खोलीबाहेर, मोरीला लागून, दोन पोटांचं जुनं वॉशिंग मशीन होतं. एका पोटात कपडे धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. पाणी बादलीनं ओतायचं. आत्या शेजारी पाटावर बसून झाकणावर हात ठेवायची, मध्येच झाकण उघडून आत बघायची. तिचा सगळा जन्म दवाखान्यात आयाबाई म्हणून गेला होता. मी हसले की म्हणायची, "हसतीस काय? पेशंटला सोडून कुणी जातंय व्हय?"

ते मशीन तिला एका डॉक्टरीणबाईंनी बदलीच्या वेळी दिलेलं. तेव्हा मी शाळेत होते. आई लवकर गेली, मला आत्यानंच वाढवलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी कुणी न विचारताही सांगते. त्या पदवीमागं आत्याच्या रात्रपाळ्या आहेत, हेही सांगते.

तिची धुण्याची पद्धत ठरलेली. एकदा साबणाचं पाणी केलं की त्यात आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग चादरी, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्यानं मोरी आणि दारापुढचा बोळ. आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. "पाण्याला बी काम दिल्याबगर जाऊ द्यायचं न्हाय," ती म्हणायची.

ती निवृत्त झाली, मला नोकरी लागली, तेव्हा जुळे सोलापुरात एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेऊन मी तिला घेऊन आले. जुनं मशीन पेठेतच राहिलं, कारण मी नवं घेतलं होतं, पुढं गोल काचेचं दार असलेलं. कपडे टाका, बटण दाबा, झालं की गाणं वाजवतं. मी मोठ्या हौसेनं दाखवलं. आत्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी काय करू?"

मला वाटलं, गंमत करतेय. पण कणीक मळायलाही माझ्याकडं विजेचं भांडं होतं, आणि आत्या दिवसभर त्या काचेतून कपडे फिरताना बघत बसायची. "जुनं मशीन माणसासारखं हुतं. थांब म्हणलं की थांबायचं. ह्यो सायेब हाय. दार लावलं की कुणाचं ऐकत न्हाय."

सगळ्यात जास्त तिला खटकायचं ते पाणी. मशीन वापरलेलं पाणी परस्पर सोडून देतं, हे काही तिला सोसवेना. एके दिवशी मी ऑफिसात असताना तिनं पाणी सोडायची नळी भिंतीवरच्या आकड्यावरून काढली आणि खाली बादलीत सोडली. नळी खाली आली की मशीनमध्ये पाणी ठरत नाही. वरून भरतंय, खालून जातंय. आत्याला वाटलं, मशीन लई दिलदार हाय. तिनं बादल्या भरल्या, घमेली भरली, पातेली भरली. मग घर धुतलं, गॅलरी धुतली, जिना वरपासून खालपर्यंत धुतला. तोवर गच्चीवरची टाकी रिकामी झाली, आणि ती टाकी खालच्या घरमालकिणीची आणि आमची एकच होती.

मी घरी आले तेव्हा जिना लखलखत होता आणि आत्या पिशवी भरून दारात बसली होती.

"मी पेठंत जाती. दोन घरांचं पाणी घालवलं मी."

"टाकी परवा भरेल, आत्या."

"टाकीचं सोड. तुझ्या घरात समदं आपोआप हुतंय. मी नुसती बसून खाती. असं कुणाच्या जिवावर बसायची सवय न्हाय मला."

तेवढ्यात खालच्या घरमालकीण बिल्किसभाभी वर आल्या. आत्या हात जोडून उभी राहिली.

"क्या मावशी, पूरी टाकी पी गई क्या तुमारी मशीन?" भाभी हसत म्हणाल्या. "जाने दो. जिना तो ऐसा चमकरा, ईद को बी नहीं चमकता. अब वो पातेल्यां का पानी देव मेरे कू, मेरे चादरां पड़े हैं धोने के."

आत्यानं पिशवी खाली ठेवली. "चादरी हातानं धुवू नका, आन् ह्या काचवाल्यात बी नको. माझं जुनं मशीन पायजे त्याला."

त्याच रविवारी टेम्पोतून जुनं मशीन आलं. गच्चीवर बसवलं. दोन्ही घरांच्या चादरी आत्याकडं गेल्या. पेठेचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढं काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. जन्मभर परक्यांचे भिजलेले कपडे बदलणारी ही बाई, पण स्वतःचं लुगडं मला धुवू देईना. "ठिव तितं. बरं वाटलं की मी धुती." भिजलेल्या लुगड्याचं बोचकं उशाशी घेऊन त्यावर हात ठेवून पडायची.

शेवटी मी कॉटवर बसले. "मी लहान असताना माझं कोण काढत हुतं?"

"ते येगळं. ते माझं कामच हुतं."

"मग ह्ये माझं हाय." कॉलेजात गेल्यापासून न बोललेली घरची बोली तोंडातून आपोआप आली.

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि बोचकं माझ्याकडं सरकवलं.

मी ते कुठल्याच मशीनमध्ये टाकलं नाही. मोरीत बसून हातानं धुतलं, तिच्या खिडकीसमोरच्या दोरीवर घातलं. ती बघत होती. "झटकून घाल की जरा. सुरकुत्या पडत्यात." मी काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. "आत्ता कसं," ती म्हणाली.

संध्याकाळी वाळल्यावर ते लुगडं मी तिला नेसवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच लुगड्यात गेली.