कागदात नसलेलं कपाट

सरकारी पथकाला बंद घरं उघडून देण्याचं काम कुलूपवाला बावीस वर्षं करत होता. त्याला अक्षरओळख बेताचीच, म्हणून दाराला हात लावण्याआधी तो साहेबांकडून हुकूम मोठ्यानं वाचून घ्यायचा. जुने साहेब हसत वाचायचे. नवे साहेब करवादले, "तुझ्यासाठी आता शाळा भरवू का?" पण त्यांनी वाचलं: भिंतीला तडे गेल्यामुळे पाहणीसाठी घराचं दार उघडावं.

दार दोन मिनिटांत उघडलं. तिथे एकटी राहणारी म्हातारी लेकीकडे गेली होती. भिंत पाहून झाली, तशी साहेबांची नजर कोपऱ्यातल्या कपाटावर गेली.

"हेही उघड. बघू तरी आजीबाईंनी काय दडवलंय."

"कागदात कपाट नव्हतं, साहेब."

"तुला कुठं वाचता येतं?"

"येत नाही, म्हणून तर कान देऊन ऐकतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून पथकाच्या कामगारांच्या यादीत तुझं नाव नसेल."

कुलूपवाल्याचं घर त्या यादीवरच चालत होतं. तरी त्यानं अवजारं पिशवीत भरली आणि सगळे बाहेर पडेपर्यंत तो उंबऱ्याशी उभा राहिला. मग कुलूप घालून दोनदा ओढून पाहिलं.

घरी सगळं ऐकून बायकोनं कपाळावर हात मारला. "कपाटच होतं ना? तुमचं काय जात होतं?"

"माझं काहीच नाही. म्हातारीचं जात होतं."

त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेत ती म्हणाली, "उद्यापासून बाजारात बसा. तिथं निदान ज्याचं कुलूप, तोच येऊन उघडायला सांगतो."