आधी पाळणा, मग रस

आमच्या घराण्यात अर्थशास्त्र कळणारी माणसं दोनच. एक मी, कारण मी बी.कॉम. होतो आणि पिंपरीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात कारकून होतो. दुसरी माझी आत्या, कारण तिच्याकडे आकाशपाळणा होता. देशाचं पुढे काय होणार हे मी रोज सकाळी पेपर वाचून सांगायचो, आणि आत्या गुरुवारी संध्याकाळी पाळण्याकडे बघून सांगायची. माझी भाकितं कशी ठरायची हा विषय सोडून देऊ. आत्याची खरी ठरायची.

गुरुवारी अशासाठी, की आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. वीज सगळ्यांना एकदम पुरायची नाही, म्हणून पुण्याने रविवारी लोळायचं आणि आम्ही गुरुवारी. त्या दिवशी कासारवाडी स्टेशनाशेजारच्या मोकळ्या जागेत आत्याचा पाळणा फिरायचा. तो काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, एका म्हाताऱ्या जत्रेवाल्याकडून घेतलेला. काका जन्मभर काडेपेटीतल्या काड्यासुद्धा जपून वापरणारे. हा त्यांनी आयुष्यात केलेला एकमेव वेडेपणा. त्यामुळे काका गेल्यावर आत्याने त्यांचं घड्याळ, छत्री, कोट सगळं वाटून टाकलं, पाळणा तेवढा ठेवला.

इंजिन सांभाळायला काकांच्या वेळेपासूनचे मिस्त्री होते. मी त्यांना चाचा म्हणायचो. ते आत्याला भाभी म्हणायचे आणि इंजिनाला जे म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही.

आत्याचं शास्त्र साधं होतं. ती मला तिकिटाच्या टेबलाशी बसवून शिकवायची.

"हे बग, ओव्हरटाइम जोरात असला की आख्खं बिऱ्हाड पाळण्यात बसतं. वाईच कमी झाला की बाई पोरं घेऊन बसती, गडी खाली उभा. आन बंदच झाला, की एकलं धाकलं पोर वर, बाकीचं समदं घर खालून हात हलवतंय."

"आत्या, याला मागणीतली घट म्हणतात."

"म्हन की. तुला पगार त्याचाच हाय."

मग तिकडे अरबांनी तेलाचे भाव वाढवले आणि इकडे कासारवाडीत आत्याचं डिझेल महागलं. कंपन्यांनी ओव्हरटाइम आवरता घेतला. गुरुवारी मैदान भरायचं, पण हात हलवणाऱ्यांनी. त्यातच करमणूक कर वाढला, आणि तो नीट भरला जातो की नाही हे बघायला एक निरीक्षक सायकलवरून यायला लागले. कृश, सज्जन, पॅन्टीला क्लिपा लावलेले गृहस्थ. प्रत्येक तिकिटावर सरकारी शिक्का आहे ना, ते बघायचे.

आत्याने त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं, "साहेब, मानूस वर जातो त्याचा कर घेताय. त्यो खाली येतो तवा परत देता का?"

"बाई, सरकार तिकीट बघतं. वर-खाली तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. आत्याला त्यांचं उत्तर आवडलं असावं, कारण तिने त्यांना चहा दिला.

पण चहाने खर्च भागत नव्हता. चिंचवडचा एक भंगारवाला अधूनमधून येऊ लागला. बाजारात बैलाच्या वशिंडावर थाप मारावी तशी पाळण्याच्या खांबावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "लोखंड चांगलं आहे, मावशी. सध्या भाव आहे." जागेचा करार पाडव्याला संपत होता. एका संध्याकाळी आत्या पाळण्याकडे पाठ करून बसली होती, ती तशीच मला म्हणाली, "पाडव्यापोतर भागलं तर ठिवीन. न्हाई तर दिऊन टाकीन. तुजे काका काय बगाया येत न्हाईत."

मी घरी गेलो आणि कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. सगळं नाही, निम्म्यातच मला इतकी भारी युक्ती सुचली, की पुढचं वाचायची गरज वाटली नाही. कर होता तिकिटावर. मग तिकीटच द्यायचं नाही! उसाचा रस विकायचा. जो रस पिईल त्याला पाळण्यात फुकट बसवायचं. रसावर कुठला आलाय करमणूक कर?

"रस पिऊन करमणूक होती की," आत्या म्हणाली.

"ती कायद्यात बसत नाही."

चाचा इंजिन पुसत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, रस पहिले आणि पाळणा नंतर?"

"अर्थात. रस प्यायल्याशिवाय बसायचा हक्क कसा मिळणार?"

चाचांनी फडकं झटकलं. "ठीक है. पढे-लिखे आदमी हो."

दापोडीहून घुंगरांचा चरक भाड्याने आणला, ऊस आणला, आलं-लिंबू आणलं. गुरुवारी 'रस प्या, पाळण्यात फुकट बसा' असा फलक मी स्वतःच्या अक्षरात रंगवून लावला. गर्दी अशी लोटली, की एकही पाळणा रिकामा राहिला नाही. मुलांनी तर चढाओढीने फुल ग्लास संपवले. माझ्या अंगात नवा टेरिकॉटचा शर्ट होता. मी पाळण्याखाली कमरेवर हात ठेवून उभा होतो, आपण देशाच्या अर्थमंत्र्याला काय काय सांगू शकलो असतो याचा विचार करत.

तिसऱ्या फेरीला पहिलं पोर वरून ओकलं.

एकाचं बघून दुसऱ्याला आलं, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याला. उसाचा रस जितक्या गोडीने खाली उतरतो तितक्याच सढळपणे वर येतो, आणि उंचावरून आला तर त्याला आवरता येत नाही. चाचांनी इंजिन बंद केलं तेव्हा मी जागच्या जागी उभा होतो आणि टेरिकॉट मला चिकटला होता.

"सरको बोला था, भाऊ," चाचा म्हणाले. "आपने सुना नहीं."

नेमके त्याच वेळी निरीक्षक आले. त्यांनी सायकल लांब लावली, फलक वाचला, मला वाचला, आणि आत्याला म्हणाले, "बाई, असा ग्लास म्हणजेच तिकीट झालं. असल्या युक्त्यांसाठी कायद्यात वेगळं कलम आहे." ते बहुधा पुस्तकाच्या उरलेल्या निम्म्यात असावं. "आजच्या दिवस सोडतो. पुढच्या खेपेपासून तिकीट फाडायचं." जाता जाता त्यांना राहवलं नाही. "आणि निदान आधी पाळणा आणि मग रस तरी द्या."

साहेब गेल्यावर मी खाली मान घालून चरक आवरायला लागलो. आत्याने मला थांबवलं. ती मैदानाकडे बघत होती. पाळणा बंद होता, पण हात हलवायला आलेले बाप, आया, आज्या, शेजारी घोळक्याने उभे राहून रस पीत होते. हसत होते, बहुतेक मलाच.

"अरं, वर चार मानसं आन खाली चाळीस," आत्या म्हणाली. "इतकी वर्सं आमी खालच्यांना कायच इकलं न्हाई की."

पुढच्या गुरुवारपासून पाळण्याला शिक्क्याचं तिकीट आणि रसाचं दुकान वेगळं, बसायला सतरंज्या. वर पोर फिरायचं, खाली घर हाफ ग्लास घेऊन बसायचं. पाळण्यातून डिझेल आणि कर सुटायचा, बाकीचं रस बघायचा. पाडव्याला भंगारवाला हातगाडी घेऊनच आला. आत्याने त्याला आलं जास्त घालून रस दिला आणि सांगितलं, "लोखंड चांगलं हाय म्हनालास न्हवं? मग ऱ्हाऊ दे."

त्याच उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी निरीक्षक आले, पण सायकल नव्हती. बायको बरोबर होती आणि दोन मुली. आत्या उठून उभी राहिली. "साहेब, बसा समदी. तिकीट नगं."

"नको हो. बिनतिकिटाचा सापडलो तर मलाच माझ्यावर कारवाई करावी लागेल."

त्यांनी धाकटीचं एकच तिकीट घेतलं, शिक्का बघून. मग बायको आणि थोरली सतरंजीवर बसल्या, आणि साहेब खाली उभे राहून वर हात हलवायला लागले.

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे बघत होती. तेव्हा सरकारी लोकांचा महागाई भत्ता अडकला होता हे मी नंतर पेपरात वाचलं.

"मिस्त्री," आत्याने हळूच हाक दिली, "ती लाल फ्राकवाली पोरगी हाय न्हवं, तिला लवकर उतरवू नका."

चाचांनी इंजिन सोडलं ते सोडलंच. डिझेल जळत राहिलं. साहेबांचा हात दुखायला लागला असणार, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.