भिकुबाईंचं खालचं बटण

आमच्या शेजारच्या भिकुबाई शहाद्याला साड्या घ्यायला निघाल्या की मी सोबत जायचं टाळायचे. दुकानदाराचा जीव खायच्या हो! त्यांना एकसारख्या दोन साड्या लागत, रंग एक, काठ एक, पदरही तोच. थोरली सून रंजना आणि धाकटी रुपा, दोघींसाठी. जोडी मिळाली नाही तर बाई पिशवी झटकून उठायच्या. दुकानदार म्हणे, एक आज न्या, दुसरी मागवून देतो. त्यावर यांचं ठरलेलं, "दोन्हीसले, नहीतं कोनलेच नही."

हसायची गोष्ट नव्हती ती. भिकुबाईंच्या सासूने सगळं थोरल्या सुनेच्या ओटीत घातलं होतं. त्यावरून घर फुटलं आणि एकोणीस वर्षांच्या भिकुबाईंनी गोठ्यात चूल मांडली. म्हशीच्या शेपटीचे फटकारे खात भाकरी थापल्या. तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपल्या सुनांची चूल एकच राहील. आणि राहिली की! नवरा गेल्यावर नवल आणि छगन या दोन्ही पोरांना त्यांनी एका पंगतीत बसवलं, केळीची शेती एकत्र ठेवली. पंचवीस वर्षं त्या घरातून एकाच तव्याचा आवाज यायचा.

मग आली ग्रामपंचायतीची निवडणूक. आमच्या वॉर्डातली एक जागा महिला राखीव निघाली. एका पॅनलवाल्यांनी नवलला गाठून रंजनाचा अर्ज भरला. दुसऱ्यांनी लगेच छगनला डिवचलं, "काय रे, तुझी बायको काय कमी शिकलेली आहे का?" झालं! रुपाचाही अर्ज गेला. एकीला कपबशी, दुसरीला शिट्टी. मेल्यांना गावात दुसरं घर सापडलं नाही.

सकाळी दोघी एकाच परातीत पीठ मळायच्या आणि दहा वाजता वेगवेगळ्या दारांनी प्रचाराला निघायच्या. दोघीही सासूला विचारायच्या, "मत कोनले?" भिकुबाई बटव्यातून सुपारी काढायच्या. तोंडात सुपारी असली की त्या बोलत नाहीत, हे दोघींना ठाऊक होतं.

मतदानाच्या आठवडाभर आधी शाळेत यंत्र दाखवायला माणसं आली. मी भिकुबाईंना घेऊन गेले. त्यांनी खालच्या बटणावर बोट ठेवून मला विचारलं, "वत्सला, हाई कसानं व?"

"कोणीच नको असेल तर ते दाबायचं," मी म्हटलं आणि विसरून गेले. इतकी कशी मी बावळट! ज्या बाईला पंचवीस वर्षं ओळखते, तिला हे सांगताना माझ्या डोक्यात काहीच कसं आलं नाही?

मोजणी तहसीलला झाली. रुपा एकशे सत्त्याऐंशी, रंजना एकशे शहाऐंशी, नोटा एक. संध्याकाळी दोन्ही पक्षांनी मोबाईलवर जाहीर केलं की ग्रामपंचायत आमचीच. गुलाल उधळला, डीजे वाजला. पण पारावर चर्चा एकाच मताची. कोण तो शहाणा? ते एक मत रंजनाला पडतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी निघाली असती.

रंजनाला विचारावं लागलं नाही. ती सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली. मी ओट्यावर होते.

"तुमीनच ना?"

भिकुबाईंनी सुपारी थुंकली. "हो. मीच दाबं."

"बारा वरीस तुमना गुडघासले तेल लावं मी. मन्हासाठे एक मत जड झायं तुमले?" रंजनाचा आवाज चिरकला. "रुपाले देतात तरी चालतं. मी समजी लेती, आपलापेक्षा ती लाडकी शे. पन कोनलेच नही?"

भिकुबाईंच्या हिशेबी त्यांनी न्याय केला होता. दुसऱ्या दिवशी रंजनाने माहेरून गॅसची शेगडी आणवली आणि पुढच्या खोलीत मांडली. एका घरात दोन कुकरच्या शिट्ट्या वाजायला लागल्या. भिकुबाई मधल्या उंबऱ्यावर बसायच्या. दोन्हीकडून ताट यायचं, दोन्हीतलं अर्धं अर्धं उरायचं. त्या वाळल्या हो. मला बघवेना.

नवव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चाल, शहादाले."

दुकानात त्यांनी मोरपंखी साडी निवडली. दुकानदाराने सवयीने तशीच दुसरी काढून ठेवली. जोडी होती, अगदी काठाला काठ जुळणारी. भिकुबाईंनी दुसरी परत सरकवली.

घरी त्यांनी साडी रंजनाच्या मांडीवर ठेवली. रंजनाने पिशवी चाचपली. रिकामी.

"रुपानी?"

"रुपाले नही. हाई तुलेच."

रुपा दारातच होती. तिचं तोंड उतरलं, कोणाचंही उतरलं असतं. तिने भिकुबाईंकडे पाहिलं, मग त्या उंबऱ्यावरच्या दोन अर्ध्या ताटांकडे, आणि ताटं उचलायला वाकली.

रंजनाने साडी तोंडाला लावली आणि जी रडली! बारा वर्षांचं रडली पोर. मग नाक पुसत, रुपाकडे न बघता म्हणाली, "सरपंचले भेटाले उद्या जाजो. आते पीठ काढ. मी भाजी टाकस."

आणि ती उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली.