अक्षता आणि ग्राफिक्स कार्ड

मी गाडी उत्तम चालवतो. फक्त आमचा कॉम्प्युटर अडकतो.

निदान घरी तरी मी असंच सांगत आलो होतो. लालबागच्या चाळीतल्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, त्यातही कॉम्प्युटर शाखेत. त्यामुळे माझं म्हणणं खोडून काढायची कुणाची हिंमत नव्हती! अपवाद नववीतल्या सायलीचा. ही माझी धाकटी बहीण कार रेसिंगच्या गेममध्ये मला दर रविवारी हरवायची.

"दादा, वळणावर ब्रेक दाबायचा असतो."

"ब्रेकचा प्रश्न नाही गं. चित्र तुटक येतं. ग्राफिक्स कार्ड हवं."

"मग मला काय अख्खं चित्र दिसतं?"

(यावर मी चार इंग्रजी शब्द फेकले.)

शेवटी आई वैतागली. "एकदाचं ते कार्ड आणा आणि शर्यत लावा. हरेल त्याने वर्षभर पहाटेचं पाणी भरायचं!"

आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं. पहाटे पाच हे मी कॉलेजात शिकलेलो नाही.

बाबा म्हणाले, "पोरगा शिकलाहा, म्हणता तर लागत असात," आणि कार्ड घरात आलं. आता ते बसवणं माझ्याकडे होतं. कॉलेजात सरांनी आम्हाला ग्राफिक्स कार्ड फळ्यावर काढून दाखवलं होतं. खडूचं कार्ड कुठेही बसतं! खऱ्याने दुपारभर घाम काढला. शेवटी बसलं, पण दोन स्क्रू हातात उरले.

"हे कसले रे?" बाबा.

"जास्तीचे देतात." मी.

कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकणही लागेना. "हवा खेळती हवी," असं शास्त्रीय कारण देऊन मी ते कपाटावर ठेवून दिलं. गेम मात्र लोण्यासारखा चालला.

शर्यत दसऱ्याला ठरली. बाबांचे पाना-पक्कड आणि आईचं शिवणाचं मशीन यांच्या शेजारी यंदा पाटावर माझा कॉम्प्युटर होता. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि मूठभर अक्षता टाकल्या. झाकण नव्हतंच. देव आत असतो असं समजून तिने त्या थेट आत टाकल्या!

शेजारपाजारचे जमले. मी बटण दाबलं. पंखा कर्रर्र करून फिरला आणि समोर बसलेल्या सावंतकाकांच्या टकलावर अक्षतांचा वर्षाव झाला.

"शुभमंगल सावधान!" काका ओरडले. "कोणाचा लगीन रे झिला?"

मागोमाग झेंडूच्या पाकळ्या आल्या, मग पिवळा धूर (हळद!), आणि स्क्रीन काळी झाली.

आईचा चेहरा पडला. माझा उजळला. "बघा! मशीनच दगा देतं. शर्यत रद्द!"

पण आईने प्लग काढला, डबा आडवा केला आणि रंगाचा कोरा ब्रश घेऊन, तांदूळ निवडावेत तशा एकेक अक्षता निवडल्या. परत प्लग लावला. कॉम्प्युटर सुरू झाला.

आधी सायली खेळली. आरामात, वळणावर ब्रेक दाबत, तिने शर्यत पुरी केली. मग मी. चित्र कुठेही तुटलं नाही. पहिल्याच वळणावर भिंत दिसली, भिंतीच्या विटा दिसल्या, विटांमधलं सिमेंटसुद्धा दिसलं. त्यात माझी गाडी कशी घुसली, हे अख्ख्या चाळीने न अडकता पाहिलं!

"दादा, आता काय अडकलं?" सायली.

बाबा कौतुकाने म्हणाले, "कार्ड मात्र बरा आसा हां."

तेव्हापासून पहाटे पाचला पिंपासमोर मी असतो. पाणी मेलं एकदाही अडकत नाही! आता वर्ष संपलंय आणि सायली पुन्हा शर्यत लावणार आहे. म्हणून या दसऱ्याला, बाबांनी मध्यंतरी बसवलेलं झाकण मी स्वतः काढून ठेवलं आणि आईला अगदी भक्तिभावाने म्हणालो, "आई, यंदा अक्षता जरा सढळ हाताने टाक."